एकतीस किलोची मोळी

गेली पंचवीस वर्षं मी खोपोलीतल्या एका कागद कारखान्याच्या वजनकाट्यावर आहे. बांबूचा ट्रक आला की आधी भरलेला तोलायचा, मग रिकामा तोलायचा आणि वजाबाकी लिहायची. काम एवढंच. ट्रकवाले कधी कधी म्हणतात, "साहेब, जरा इकडंतिकडं होऊ द्या." मी होऊ देत नाही. त्यामुळे माझ्याशी कुणी फार बोलायला थांबत नाही. काशिनाथ जाधव मास्तर थांबले, ते तब्बल दहा वर्षं.

ते पहिल्यांदा आले तेव्हा मण-शेर जाऊन नुकते किलो आले होते. दुपारची वेळ होती. फाटकातून एक सडपातळ माणूस सायकल हातात धरून आत आला. त्याच्या मागे डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक ठाकरीण होती.

"हिची मोळी तोलायची हाय," तो म्हणाला.

मी म्हटलं, "हा ट्रकचा काटा आहे. मोळीने त्याची दांडी हलायची नाही."

"मग लहान काटा असंल की गोदामात."

होता. का कोण जाणे, मी तो दिला. मोळी एकतीस किलो भरली. त्याने खिशातून वही काढून आकडा लिहिला आणि बाईला म्हणाला, "येसू, आता परत उचल आणि फाटकापर्यंत चालत जा. सावकाश." ती चालू लागली तसा हा माणूस चक्क जमिनीवर उकिडवा बसला आणि तिच्या पायांकडे बघत पेन्सिल चालवू लागला. बांबू उतरवणारे हसायला लागले.

"मास्तर, बाईच्या पायात काय हरवलंय?" एकाने विचारलं.

"वजन," मास्तर मान वर न करता म्हणाले.

येसूने फाटकाशी मोळी टाकली आणि ओरडली, "काय रं मास्तर, झालं का? का आता मला पन तोलतोस?"

"तुला नको. काट्याची दांडी मोडंल."

"आन ही मोळी कोन घेणार? कागदावरची घेऊन जाशील आन चुलीत घालशील होय?"

मोळी मास्तरांनीच घेतली. सायकलीच्या कॅरिअरवर ती काही राहीना. शेवटी तिनेच ती पुन्हा डोक्यावर घेतली आणि त्यांच्या घरापर्यंत पोचवली. मास्तर मागून सायकल ढकलत, तिच्या टाचांकडे बघत गेले.

महिन्याभराने ते एक बत्तीस पानी पुस्तिका घेऊन आले. वर नाव होतं 'ढाक्या', अंक पहिला. चित्रकथा होती. ढाकच्या डोंगराखालचा एक मोळीविक्या गडी. जंगलाच्या ठेकेदाराचे लोक त्याच्या वाडीतल्या बायांना अडवतात, त्यांच्या मोळ्या काढून घेतात आणि हा एकटा त्यांच्याशी भिडतो. गोष्ट साधीच होती. पण दुसऱ्या पानावर ढाक्या मोळी घेऊन डोंगर उतरतोय असं पाठमोरं चित्र होतं. मी रोज वजनं बघणारा माणूस, मला चित्रातलं काही कळत नाही. पण त्या चित्रात एकतीस किलो होते. एक कमी नाही, एक जास्त नाही.

मास्तर म्हणाले, "ओझं डोक्यावर दिसत नाय, काटेसाहेब. मानेतून कमरेत उतरतं, कमरेतून गुडघ्यात, आन शेवटी टाचेत. टाच बरोबर आली की वरची लाकडं नाय काढली तरी चालतं."

माझं नाव काटेसाहेब त्यांनीच पाडलं. ते शाळेत चित्रकला शिकवत. तिथे छापील पुस्तकासारखं बोलायचे. माझ्याकडे आले की त्यांचं मूळचं पोशीर गावचं बोलणं परत यायचं. घर दोन खोल्यांचं होतं. एका भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली शाईच्या बाटल्यांची फळी. मांडी घालून, पाटावर कागद ठेवून ते काढत. कागदाला घाम लागू नये म्हणून मनगटाखाली त्यांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, जुना पदर घडी करून ठेवलेला असे. रबर वापरत नसत. रेघ चुकली तर तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेत. "रबरानं कागद भितो," म्हणत.

काढण्याआधी तोलायचं हा त्यांचा नेम होता. ढाक्या पाण्याचा हंडा फेकणार असेल तर मास्तर हंडा घेऊन काट्यावर हजर. भाताचं पोतं, दगडी पाटा, बैलगाडीचं चाक, एकदा तर जिवंत बोकड. बोकडाने काट्यावर घाण केली, ती मीच धुतली. पुढे मी एक वहीच घातली. अंक, पान, काय उचललं, किती किलो, शेरा. तिसऱ्या अंकात ढाक्याच्या डाव्या गालावर वण होता आणि पाचव्यात तो उजव्या गालावर गेला. हे मी दाखवलं त्या दिवसापासून मास्तर प्रत्येक अंक मुंबईला प्रकाशकाकडे धाडण्याआधी माझ्यासमोर ठेवू लागले. "तपासा," म्हणायचे आणि परीक्षेला बसल्यासारखे समोर बसायचे. मी चुका मांडायचो, ते मान हलवायचे. आमची मैत्री म्हणजे एवढंच. दुसऱ्या कुठल्या विषयावर आम्ही फारसं बोललो नाही.

एकदाच बोललो. मी विचारलं, ढाक्याचा चेहरा अंकागणिक थोडा बदलतो, पण पाठ बदलत नाही, असं का?

"पाठ माझ्या बाची हाय," ते म्हणाले. "नेरळच्या बाजारात हमाल होता. मी सात वर्षांचा असताना गेला. तोंड मला नीट आठवत नाय. मी कायम त्याच्या मागनं चालायचो, तेव्हा टाचाच आठवतात. चिरलेल्या होत्या. त्यात माती भरलेली."

अडतिसाव्या अंकात ढाक्या आणि ठेकेदार यांची शेवटची झुंज होती. बोरघाटाच्या कड्यावर, ओंडक्यांच्या राशीवर. एक ओंडका एकशे चाळीस किलो, तो ढाक्या उचलत नाही, नुसता खांद्याने ढकलतो आणि त्यातच त्याचा गुडघा जातो. ठेकेदार दरीत पडतो. तो अंक आला त्या दिवशी एक ट्रकवाला माझ्या काट्यावर ट्रक उभा करून आत वाचत बसला. मागे सात गाड्या खोळंबल्या. मी दार ठोठावलं तर म्हणाला, "थांबा हो साहेब, त्याचा गुडघा मोडलाय!"

मास्तरांनी पुढचं सगळं ठरवलं होतं. चाळीसाव्या अंकात गोष्ट संपणार. ठेकेदार गेला, वाडी मोकळी झाली. लंगडा ढाक्या शेवटची मोळी घेऊन डोंगर उतरतो, आपल्या दारात ती खाली ठेवतो, पाणी पितो. बस. ती शेवटची सोळा पानं त्यांनी आधीच काढून ठेवली होती. मला दाखवली. तपासा म्हणाले. मी दोनदा पाहिली आणि वहीत शेरा लिहिला, 'चूक नाही.' माझ्या वहीत तो शेरा एकदाच आहे.

पण ढाक्या कागदोपत्री मास्तरांचा नव्हता. पहिल्या अंकाच्या वेळीच त्यांनी प्रकाशकाला सही करून दिली होती. ते शेट स्वतः मोटारीने खोपोलीला आले. मास्तरांच्या घरी चहा प्यायले. मी तिथेच होतो.

"संपवायचं?" शेट हसले. "अहो मास्तर, लोक आत्ता कुठे रांगा लावतायत. ठेकेदाराला जिवंत करा."

"दरीत पडला तो. साडेतीनशे फूट."

"झाडाला अडकला म्हणा."

"त्या बाजूला झाडं नायत."

"मग लावा की एक! तुमच्याच हातात पेन्सिल आहे." मग कपबशी खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "तुम्हाला दम लागला असेल तर सांगा. माझ्याकडे दोन पोरं आहेत हात चांगला असलेली. ढाक्या काय, कुणीही काढेल."

वहिनी दाराआडून म्हणाल्या, "सोडून द्या हो. तुमची शाळा हाय." शेट गेल्यावर मास्तर मला म्हणाले, "माझ्या बाला दुसऱ्याच्या घरी कसा धाडू? एक ना एक दिवस हा शेटच म्हणंल संपवा. तोवर आपल्या हातात ठेवायचा. मोळी खाली मीच ठेवणार." ती सोळा पानं त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवली.

एकोणचाळिसाव्या अंकात कड्याला झाड उगवलं.

पुढची सहा-सात वर्षं माझ्या वहीत सरळ दिसतात. अंक ४४, बैल. अंक ५२, भरलेली बैलगाडी. सत्तावन्नाव्या अंकाच्या वेळी मास्तर काट्यावर आले आणि विचारलं, "रिकामा ट्रक किती भरतो?"

मी आकडा सांगितला.

"माणूस उचलंल?"

"नाही."

"शेट म्हणतो उचलायचा."

ते ट्रकभोवती दोन फेऱ्या मारून, चाकाला हात लावून गेले. अंक आला. ढाक्याने ट्रक डोक्यावर धरला होता आणि सरळ उभा होता. मान ताठ, गुडघे ताठ. मी म्हटलं, मास्तर, हे वजन नाही. ते म्हणाले, "खरं वजन काढलं तर माणूस चिरडतो. म्हणून मी वजनच काढून टाकलं."

ट्रकनंतर रेल्वेचा डबा. मग पूल. ठेकेदार तिसऱ्यांदा मेला आणि चौथ्यांदा आला, आता त्याला लोखंडाचा हात होता. एक मारामारी पाच अंक चालली आणि त्यात दोघांनी एकमेकांना मिळून अकरा ठोसे मारले, बाकी सगळं दात-ओठ खाणं. मागचे डोंगर गेले, झाडं गेली, नुसते फराटे राहिले. एक्काहत्तराव्या अंकात मी मोजलं. बत्तीस पानांत ढाक्याचे पाय फक्त नऊ चौकटींत होते. बाकी सगळीकडे धुळीचा लोट. नव्वदाव्या अंकात त्याने डोंगर उचलला आणि त्या अंकात पाय एकदाही नाहीत.

त्यांचा उजवा हात तेव्हा थरथरू लागला होता. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. मी ते पाहिलं होतं, पण त्याचा आणि पायांचा संबंध माझ्या लक्षात आला नाही. मी आपला नऊचा आकडा त्यांना सांगितला.

"तुमी तोला हो फक्त," ते एकदम चिडले. "काढून बघा एक टाच. एक काढून बघा!" वहिनी बाहेर आल्या. मास्तर लगेच खाली बघत म्हणाले, "बसा. चहा घेऊन जावा."

माझ्या काट्यावरही फरक दिसत होता. ट्रकवाले आता ढाक्या वाचत नव्हते. एक जण त्या पुस्तिकेची पानं फाडून गाडीची काच पुसत होता. मी विचारलं तर म्हणाला, "काय वाचायचं साहेब? त्याला काय होणारच नाय."

मास्तर मात्र एकही अंक चुकवत नव्हते. ताप असला तरी, शाळेत तपासणी असली तरी. दर अंकाच्या पाकिटात शेटला चिठ्ठी असे, 'आता संपवू या का?' दर वेळी उत्तर नाही असं येई किंवा येतच नसे. मग एकदा उत्तर आलं. खप पार गेला आहे, एकशे बारावा अंक शेवटचा, काय हवं ते काढा, महिनाअखेर द्या.

त्या दिवशी मास्तर सायकलवरून आले ते पायडल मारतच फाटकातून आत शिरले. पन्नाशीला टेकलेला माणूस. पत्र्याची पेटीच कॅरिअरला बांधून आणली होती. "आला दिवस!" म्हणाले. पेटी उघडून सोळा पानं माझ्या टेबलावर मांडली. नवी सोळा पानं काढायचं कामच नव्हतं. आधीच्या सोळांत कसंबसं ठेकेदाराचं संपवायचं, तेवढं हात करील. शेवट तयार होता, चांगल्या हाताने काढलेला.

"तपासा," ते म्हणाले आणि समोर बसले.

मी तपासली. दहा वर्षं जशी तपासत आलो तशीच. आणि मला अकरा चुका सापडल्या. त्या कागदावर उतरवून दिल्या. डाव्या हाताची करंगळी त्रेसष्टाव्या अंकात तुटली आहे, इथे ती आहे. केस पांढरे झाले आहेत, इथे काळे. कानातली बाळी ऐंशीव्या अंकात विकली. वाडीतलं घर जळून नवं बांधलं, दार आता उत्तरेला. अशा दहा. अकरावा मुद्दा असा: 'अंक ९० मध्ये डोंगर उचलणारा इसम एकतीस किलोच्या मोळीने घामाघूम होऊ शकत नाही.'

मास्तरांनी कागद वाचला. अकराव्या मुद्द्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बरोबर हाय." पानं पेटीत घातली, पेटी बांधली आणि सायकल हातात धरून चालत गेले.

याआधी एकदा त्याच पानांबद्दल मी वहीत 'चूक नाही' लिहिलं होतं. ती पानं बदललेली नव्हती. हे मला त्या दिवशी सुचलं नाही. सुचलं असतं तर मी काय केलं असतं हेही आज सांगता येत नाही. चूक दिसली की मी लिहितो.

दहा-बारा दिवस ते आले नाहीत म्हणून रविवारी मी घरी गेलो. मास्तर पाटाशी होते. वहिनींनी डोळ्यांनीच मला खुणावलं, बघा म्हणून. पानं जमिनीवर पसरलेली होती. करंगळी ब्लेडने खरवडून काढताना कागदाला भोक पडलं होतं. केसांवर पांढरा रंग चढवताना तो चेहऱ्यावर ओघळला होता. आणि मोळी. डोंगर उचलणाऱ्याला घाम फुटावा म्हणून मोळी मोठी केली होती, मग आणखी मोठी. लाकडांवर लाकडं, थरथरत्या रेघांची, एका पानावर तर ती चौकटीबाहेर जाऊन कागदाच्या कडेला टेकली होती. खाली ते जुने पाय तसेच होते, एकतीस किलोचे. त्यांच्यावर ते ओझं कसंही बसत नव्हतं. सोळाच्या सोळा पानं वाया गेली होती.

मास्तरांनी रबर वापरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"पाच दिवस हायत," ते म्हणाले. "सोळा नको. शेवटचं एक पान जरी जमलं तरी मोळी खाली येते. पण हाताला आठवत नाय, काटेसाहेब. वजन आठवत नाय."

मी म्हटलं, "तो अकरावा मुद्दा सोडून द्या मास्तर. चुकीचा होता."

"चुकीचा नव्हता," ते म्हणाले. "तुमी आजवर चुकीचं लिहिलं नाय."

अंक कसा निघाला ते आधीच सांगून टाकतो. मास्तरांनी शेटकडे एक महिना मागितला, तो मिळाला नाही. एकशे बारावा अंक त्या दोन पोरांपैकी एकाने काढला. हात चांगला होता. त्यात ढाक्या ढगातून उडत जातो, पायाखाली पृथ्वी लहान होत जाते आणि संपलं. मोळी कुठेच नाही. मास्तरांनी तो अंक पाहिला की नाही ते वहिनींना माहीत नाही. त्याच पावसाळ्यात ते गेले. पाटावर एक कागद होता, वहिनी म्हणाल्या, पण पावसाच्या ओलीने शाई पसरून त्यात काही कळत नव्हतं.

मला मास्तर शेवटचे दिसले ते महिनाअखेरच्या दोन दिवस आधी, सकाळी दहाच्या सुमाराला. फाटकातून एक माणूस डोक्यावर मोळी घेऊन आत येत होता. पायात वहाणा नव्हत्या, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. जवळ आल्यावर ओळखलं. मागे वहिनी होत्या आणि त्यांच्या मागे येसू, केस पांढरे झालेली.

"सांग रं बाबा तूच याला!" येसू माझ्यावरच ओरडली. "वाडीवरनं आनलीय चालत. मी म्हटलं मी घेते, तर हात लावू देत नाय. मरंल ना हा!"

बांबू उतरवणारे थांबले होते. या वेळी कुणी हसलं नाही. मास्तरांनी गोदामाच्या दारात लहान काट्यावर मोळी उतरवली आणि पायरीवर बसले. चष्मा काढला होता, घामाने डोळे मिटलेले होते. धाप कमी होईपर्यंत बोलता येत नव्हतं. मग म्हणाले, "येसूला सांगितलं, पहिल्यावानी बांध. तीच. पहिली होती तेवढीच. आता सापडलं. अर्ध्या वाटेत टाचेत उतरलं बघा. आता घरी जाऊन काढतो." आणि मग, "किती?"

मी वजन सरकवलं. दांडी समतोल झाली. साडेएकोणीस.

मी येसूकडे पाहिलं. तिने मान दुसरीकडे फिरवली. वहिनी काट्याजवळ उभ्या होत्या. त्यांना आकडे वाचता येत होते. त्यांनी दांडीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"किती, काटेसाहेब?"

"एकतीस," मी म्हटलं.

"लिहा," मास्तर म्हणाले.

मी वही काढली आणि लिहिलं. अंक ११२, शेवटचं पान, मोळी, ३१ किलो. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी सांगितलेलं खोटं वजन हे एवढंच.

"ऐकलंत ना? चला आता," वहिनी म्हणाल्या आणि मोळीला हात घातला. मास्तरांनी तो बाजूला सारला. गुडघ्यावर हात टेकून उठले, येसूने एका बाजूने आधार दिला, मोळी डोक्यावर चढली. ते फाटकाकडे वळले. मी दारात उभा होतो. मला पाठ दिसत होती आणि खाली टाचा. एक टाच टेकायची, चिरा रुंदावायच्या, मग दुसरी.

वजन साडेएकोणीस होतं, त्यात शंका नाही. पण पहिला अंक माझ्याकडे आहे. त्याचं दुसरं पान मी नंतर कितीदा तरी समोर धरलं आहे. मास्तरांच्या त्या टाचा एकतीस किलोच्याच होत्या.